सतरा उंदीर कमी

"सतरा कमी आहेत," मी म्हणालो.

"काय सतरा?" अप्पांनी मान वर न करता विचारलं. दीड फुटी मूर्तीच्या कानावरून ते ओलं बोट फिरवत होते.

"उंदीर."

"मग? उंदीरच ते. पळाले असतील."

कारखान्यात बसलेले पाच-सहा जण हसले. मी हसलो नाही, कारण ते उंदीर माझे होते.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना होता आणि त्यात प्रत्येकाला आपापलं खातं वाटून दिलेलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, मूर्तीचे डोळे रंगवायचे. त्याला आखणी म्हणतात, आणि अप्पांची आखणी बघायला दुसऱ्या कारखान्यांतले लोक येऊन उभे राहत. दादा साचे भरायचा. कारागीर हात आणि सोंडा जोडायचे. कुंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, पितांबर आणि दागिने रंगवायची. आणि मी, वय वर्षे तेवीस, बी.कॉम.ला दोनदा बसून दोनदा उठलेला, उंदीर करायचो. अंगठ्याएवढा उंदीर साच्यातून काढायचा, शेपटी वळून चिकटवायची आणि फळीवर वाळत घालायचा. घरात एखाद्यावर किती विश्वास आहे, हे त्याला देवाचा कोणता भाग करायला देतात यावरून कळतं. मला देवाचा भागच दिलेला नव्हता. वाहन दिलं होतं.

तेवढ्या एका खात्याचा मी प्रमुख असल्यामुळे रोज संध्याकाळी हजेरी घ्यायचो. चतुर्थी बावीस दिवसांवर आली होती. आधी तीन गेले, मग पाच, मग रोज दोन-चार. मूर्ती कितीही देखणी असली तरी पायाशी उंदीर नसेल तर गिऱ्हाईक हात लावत नाही. नाव माझं जाणार होतं.

दादाचं मत पडलं की खऱ्या उंदरांचं काम आहे. "शाडूला वास येतो. ओढत नेत असतील बिळात."

"उंदीर उंदराला कशाला नेईल?"

"नातेवाईक समजून," एक कारागीर म्हणाला.

दादाने पिंजरा लावला, त्यात कांदाभजी ठेवली. दुसऱ्या दिवशी एक जाडा उंदीर सापडला. चतुर्थीच्या तोंडावर त्याला मारणं शक्यच नव्हतं, म्हणून दादा सायकलला पिंजरा अडकवून त्याला भोगावती नदीच्या पलीकडे पोचवून आला. संध्याकाळी मोजले तर आणखी पाच कमी. मग शेजारच्या सरूकाकूंचं मांजर दोन दिवसांच्या बोलीवर आणलं. ते एका लंबोदराच्या मांडीवर झोपलं आणि दोन दिवस तिथून हललं नाही.

"भाल्या," अप्पा मला म्हणाले, "तू करतोस कमी आणि मोजतोस जास्त. हे खरं कारण आहे."

हे मला फार लागलं. मी ठरवलं, चोर पकडायचाच.

अप्पांचं ऐकून घ्यावं लागे, कारण मातीच्या बाबतीत पेणमध्ये त्यांच्यापुढे कोणी नव्हतं. शाडूची नवी गोण आली की ते चिमूटभर माती दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि निकाल देत. रेतीचा एक कण असला तरी दात सांगतो, म्हणत. दुसऱ्या कारखान्यांतले लोक कागदाच्या पुडीत माती घेऊन परीक्षेला येत. त्या वर्षी तर अप्पांनी परीक्षेचा सपाटाच लावला होता. एकाच गोणीतली माती ते सकाळी बघत, दुपारी बघत, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर बघत. आम्हाला वाटे, म्हातारपणी माणूस जास्त काळजी घ्यायला लागतो. माळ्यावर जायच्या पायऱ्या चढताना ते मध्ये थांबत आणि गुडघ्यांना शिव्या देत. त्याचंही आम्हाला काही वाटलं नाही. गुडघे त्यांचेच होते.

दुपारी जेवणं झाली की कारखाना तासभर आडवा होई. अप्पा आपल्या पाटाशेजारी गोणपाटावर, बाकीचे ओसरीवर. मी एका मंडळाच्या पाच फुटी गणपतीमागे, त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो. छातीत असं धडधडत होतं की मूर्तीला तडा जाईल अशी भीती वाटली. अडीचच्या सुमाराला बांगड्या वाजल्या. कुंदावहिनी आली. इकडेतिकडे बघत अप्पांच्या पाटाशी उकिडवी बसली, तिथून काहीतरी उचललं, पदरात घेतलं आणि पावलं न वाजवता आत गेली.

मी मागोमाग. ती विहिरीवर गेल्यावर स्वयंपाकघरात शिरलो आणि डबे उघडायला लागलो. रव्याच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात आठ उंदीर. एकालाही डोकं नव्हतं, आणि जिथे डोकं असायला हवं तिथे दातांच्या खुणा.

त्या वयात शोध लागला की तो कोणाला सांगायचा याचा विचार माणूस करत नाही. मी डबा घेऊन थेट आईपुढे गेलो. आईला आम्ही माई म्हणायचो. ती तांदूळ निवडत होती.

"माई, वहिनी उंदीर खाते."

माईने सूप खाली ठेवलं. डब्यात पाहिलं. एक उंदीर उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"तू बघितलंस?"

"उचलताना बघितलं. डबा तिनेच लपवलाय."

"माती खाते," माई स्वतःशीच म्हणाली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मी दोन पावलं मागे सरलो. "अरे मेल्या, माती खाते. डोहाळे लागलेत तिला."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत माईचे बोलता येतील तेवढे सगळे नवस बोलून झाले होते आणि गेल्या शिमग्यापासून सरूकाकू दादाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय "सहज" काढायला लागल्या होत्या. त्यामुळे पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. चार वाजता ही बातमी माईकडे होती. साडेचारला सरूकाकूंकडे होती. पाचला आख्ख्या आळीत होती, आणि सहा वाजता ज्या कारखान्यांशी आमचं बोलणं बंद होतं, तिथूनही एक बाई लिंबाचं लोणचं घेऊन आली.

दादा निवडणूक जिंकल्यासारखा फिरत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण नमस्कार करत होता. कारागीर दुप्पट वेगाने हात जोडायला लागले, त्यात एका गणपतीला दोन डावे हात लागले. सरूकाकू माईला म्हणाल्या, "चला, आता तुझ्या दिगूच्या दुसऱ्या लग्नाचं तोंडातून काढायला नको." जणू दुसऱ्याच कोणाच्या तोंडात होतं ते. माईने वहिनीला रंगाच्या कामावरून उठवलं आणि पाहुण्यांचं स्टूल दिलं. फळीवरचे ताजे चार उंदीर मला न विचारता तिच्यापुढे बशीत ठेवले गेले.

"खा गं. लाजू नकोस. कुरकुरीत आहेत."

वहिनी बशीकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. या सगळ्या गोंधळात अप्पा मात्र जागचे हलले नाहीत. ते एका मूर्तीच्या कानात बोट घालून बसले होते आणि बराच वेळ ते काढायला विसरले.

संध्याकाळी मी वहिनीला गाठलं. "वहिनी, अभिनंदन. मीच शोधून काढलं."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्हाला दुसरं काही काम नव्हतं का?"

"उंदीर मोजणं हेच माझं काम आहे."

"मग उंदीरच मोजायचे होते. दिवस कशाला मोजलेत माझे?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तो लगेच विझवावासा वाटला. "म्हणजे... नाही?"

"माईंना आत्ता काही सांगू नका. दोन दिवस थांबा."

"आणि दोन दिवसांनी काय होणारे? खोटं निघालं तर सरूकाकू तुम्हाला जगू देतील?"

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि सांडगी मिरचीची बरणी फडताळात ठेवायला गेली. ती मिरचीही कोणीतरी डोहाळ्यांसाठीच आणली होती.

मी दोन दिवस उंदीर केले, पण मोजले नाहीत. माझ्या हौसेने एका बाईच्या गळ्यात काय अडकवलं होतं ते मला दिसत होतं. माई सुईणीशी बोलली. पाळणा माळ्यावरून काढून अंगणात धुतला गेला. दर तासाला हे प्रकरण मोठं होत होतं आणि मी शेपट्या वळत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टर चौबळ आल्या. आळीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता, आणि दरवर्षी घरचा गणपती त्या आमच्याकडेच येऊन पसंत करत. उंच, सडपातळ, बोलायला सरळ. त्यांच्यापुढे आमच्या आळीतले पुरुष आपोआप बिड्या लपवत.

"गणपती तयार आहे म्हणून निरोप आला," त्या म्हणाल्या. "हा तर अजून कच्चाच दिसतो. रंग कुठाय?"

"निरोप कोणी दिला?" दादाने विचारलं.

माईने त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. "डॉक्टरीणबाई, देवाने धाडल्यासारख्या आलात. आमच्या कुंदाला जरा बघा." सरूकाकू कुठूनतरी उगवल्याच होत्या. त्यांच्या मागे आणखी दोघी.

डॉक्टर वहिनीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. बाहेर कोणी काम करत नव्हतं, फक्त करत असल्यासारखं दाखवत होतं. दादाचा एकाच सोंडेवरून सात वेळा हात फिरवून झाला. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या.

"माई," डॉक्टर म्हणाल्या, "कुंदा गरोदर नाही."

माई भिंतीला टेकली.

"पण ती माती..."

"तिने मातीचा कणसुद्धा खाल्लेला नाही. रक्त चांगलं आहे तिचं, जीभ चांगली आहे. डब्यातले उंदीर तिने गोळा केलेत. खातो कोण ते सांगायला तयार नाही. शब्द दिलाय म्हणते."

सरूकाकूंना एवढं पुरे होतं. "बघा बाई. तीन दिवस स्टुलावर बसून आमच्याकडून खाल्लं, आणि आता शब्द दिलाय म्हणे. माई, मी तुला शिमग्यातच म्हटलं होतं. असल्या बाईला घरात..."

"उंदीर मी खाल्ले," अप्पा म्हणाले.

एक कारागीर हसला. त्याला वाटलं, नेहमीसारखाच विनोद. मग त्याने अप्पांच्या हातातली कुंचली बघितली. ती त्यांनी पाटावर ठेवून दिली.

"सगळे?" मी विचारलं. तेवढ्यातही मला हिशेब हवा होता.

"सगळे. मूर्तीला दात लावला नाही," अप्पा घाईने म्हणाले. "देवाशपथ. बोटसुद्धा मोडलं नाही कुठल्या मूर्तीचं. फक्त उंदीर."

"अहो, घरात जेवायला कमी होतं का?" माई म्हणाली.

"जेवण जात नाही गं. ही जाते. वाळलेली माती दाताखाली मोडली की जिवाला बरं वाटतं. मी सोडायचं ठरवलं. याच बाप्पासमोर शपथ घेतली, आणि त्याच हाताने त्याच्याच पुढचा उंदीर उचलला. कुंदाने बघितलं एकदा. मी तिला म्हटलं, चतुर्थीपर्यंत कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील, देव घडवतो आणि देवाचीच माती खातो. कोण घेईल माझ्या हातचा गणपती?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मातीची परीक्षा करणारा माणूस शेवटी थुंकतो. आधी अप्पाही थुंकायचे. गेले कित्येक महिने मी त्यांना थुंकताना बघितलं नव्हतं. आम्ही सगळे रोज त्यांच्यासमोर उभे राहून त्यांना माती खाताना बघत होतो, आणि माना डोलावत होतो.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "जरा तोंड धुऊन या."

अप्पा मोरीवर गेले. कारखान्यात आम्ही सगळेच पांढरे असायचो. शाडूची धूळ, वर पांढऱ्या रंगाचा हात. दिवाळीपर्यंत कोणाचा खरा वर्ण कोणाला दिसत नसे. अप्पांनी साबण लावून खसाखसा तोंड धुतलं, पंच्याने पुसलं आणि उजेडात येऊन उभे राहिले.

पांढरा रंग गेलाच नव्हता.

डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढली. आत लाल असायला हवं तिथे कागद होता. नखं बघितली, ती चमच्यासारखी खोलगट झाली होती. "कंबरेसाठी गोळ्या घेता?"

"दोन वर्षं. रोज दोन. बसून काम आहे."

"उपाशीपोटी?"

"जेवण जात नाही म्हटलं ना."

"परसाकडला काळी होते?"

अप्पांनी सरूकाकूंकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "पावसाळ्याच्या आधीपासून. ती काय सांगायची गोष्ट आहे?"

"तीच सांगायची होती," डॉक्टर म्हणाल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "नीट ऐका, म्हणजे आळीत बरोबर सांगाल. या गोळ्यांनी यांच्या पोटात जखम झालीय आणि आतल्या आत रक्त जातंय. रक्तातलं लोह संपत आलं की काही माणसांना भलत्याच वस्तू खाव्याशा वाटतात. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ. याला आजार म्हणतात. पायका नाव आहे त्याचं. हावरेपणा नाही, बाहेरची बाधा नाही आणि पापही नाही. आणि माती खाल्ली की पोटातलं उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही. म्हणजे जितकी खावी तितकी जास्त खावीशी वाटते."

"बायकांनाच होतं ना हे?" सरूकाकू म्हणाल्या.

"माझ्याकडे एक मुख्याध्यापक येत होते. शाळेला वाटायचं, खडू मुलं चोरतात. दोन वर्षं मुलांनी छड्या खाल्ल्या." मग दादाला, "गाडी काढा. अलिबागला न्यायचंय, आत्ताच. आणखी पंधरा दिवस लपवलं असतं तर चतुर्थी यांच्याशिवाय झाली असती."

दारात एकच टेम्पो उभा होता आणि त्यात अर्ध्या मूर्ती चढवून झाल्या होत्या. उतरवायला वेळ कोणाला होता? पेंढ्यात जागा केली, चार गणपतींच्या मध्ये अप्पांना बसवलं, एका बाजूने माई, एका बाजूने वहिनी, मी फळक्याला लटकलेला. टेम्पो बाजारातून जाताना लोकांनी आतले गणपती बघितले आणि सवयीने "मोरया" म्हणाले. अप्पा मध्ये बसून हात जोडून घेत होते. त्या अवस्थेतही ते एका मूर्तीच्या मुकुटाला पेंढा घासू नये म्हणून हात आडवा धरून होते.

अलिबागला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन चौदा असायला हवं तिथे पाच भरलं. तीन बाटल्या चढवल्या. एक दादाची, एक माझी, एक रक्तपेढीतली. माझी बाटली लागली तेव्हा अप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मोजून दिलंस ना?" मग मला कळलं की माणूस वाचतोय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी वहिनीला विचारलं, "डॉक्टरांना निरोप तुम्ही दिलात?"

"मी शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. डॉक्टरीणबाईंना मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, गणपती तयार आहे, लवकर या. त्या बाहेरगावी होत्या, म्हणून दोन दिवस गेले."

"पण ते दोन दिवस तुम्ही गप्प बसलात. माईला म्हणायचं, खोटं आहे."

"म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग खातं कोण?" ती म्हणाली. "आणि खरं सांगू का भाऊजी? सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला कोणीतरी बसायला दिलं. म्हटलं, बसावं दोन दिवस. उठायचं आहेच."

मी व्हरांड्यातलं बाक तिच्यापुढे ओढलं.

त्या वर्षी आखणी दादाने केली. अप्पा अलिबागला दवाखान्यातल्या खाटेवर पडून सूचना पाठवत आणि त्या पोचेपर्यंत डोळे रंगवून झालेले असत. त्यामुळे आमच्या सगळ्या गणपतींच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य होतं. गिऱ्हाइकांना ते आवडलं. पुढल्या वर्षी दोघांनी तसेच मागितले.

माई सहाव्या दिवशी घरी परत आली. पिशवी ठेवून ओसरीवर टेकते न टेकते तोच सरूकाकू आणि त्यांच्या त्या दोघी आल्या. अप्पांची चौकशी झाली. जखम सुकतेय, जेवण जायला लागलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, माती नको म्हणतात, असं माईने सांगितलं. वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आली, तशी सरूकाकूंची नजर तिच्यावर गेली.

"म्हणजे डोहाळे नव्हतेच म्हणायचे," सरूकाकू म्हणाल्या. "आख्ख्या आळीचा पोपट झाला. मीसुद्धा लोणच्याची वाटी भरून दिली होती."

वहिनी कप ठेवून आत जायला वळली. माईने तिचा हात धरला आणि आपल्याशेजारी खाली बसवलं.

"नव्हते कसे?" माई म्हणाली. "डोहाळे होते. ह्यांना होते."

त्या दोघींतली एक पदर तोंडाला लावून हसली. "अगोबाई. आणि कितवा महिना?"

"बासष्टावं वर्ष," माई म्हणाली. "जड गेलं, पण हिने सुटका केली." मग बशीत चहा ओतून तिने आधी वहिनीपुढे सरकवला, आणि सरूकाकूंकडे न बघता म्हणाली, "लोणचं चांगलं होतं. आमच्या कुंदाला आवडलं. घरात असेल तर आणखी आण."